जुन्या शोकपत्रिका, तेरवीची कार्डं, कोतवाल बुक: कोणाकडे काय उरलं आहे?

पूर्णाकाठ
राम राम मंडळी. आपल्याकडे मौतीचं कार्ड घरात ठेवत नाहीत हे काही नव्यानं सांगायला नको. पोस्टमननं कोपरा फाटलेलं कार्ड हातात दिलं की ओट्यावर उभ्यानंच वाचायचं, सुतक लागत असलं तर आंघोळ करायची अन् कार्ड फाडून उकंड्यावर. छापील पत्रिकेचंही तेच, तेरवी झाली की चुलीत. आता होते काय की गावातल्या एखाद्या साध्या माणसाबद्दल जेवढं त्या एका कागदावर लिहिलेलं असते तेवढं दुसरीकडे कुठंच नसते, ना सातबाऱ्यावर ना मतदार यादीत, अन् नेमका तोच कागद आपण ठेवत नाही.

आमचे मोठेबाबा शाळामास्तर होते, त्यांनी ही रीत पाळली नाही. आलेली शोकपत्रिका ते तारेत ओवून गोठ्यातल्या खुंटीला टांगायचे. घरात आणायला मोठीआई मनाई करायची म्हणून गोठ्यात. पाठीमागं पेन्सिलनं एक ओळ, "जाऊन आलो" नाहीतर "जाणे झाले नाही, पत्र टाकले". जुना वाडा पाडला तेव्हा ती तार तशीच निघाली, खालची कार्डं वाळवीनं खाल्ली पण साठच्या दशकापासून पुढची बरीच शाबूत आहेत.

एकच कार्ड सांगतो. शके १८९२ चं, म्हणजे ७८ मिळवले की १९७०. पिवळं पडलेलं, जाड काळी चौकट, फोटो नाही. वर "श्री" च्या जागी काहीच नाही, एकदम "कळविण्यास अत्यंत दुःख वाटते की" पासून सुरुवात. कार्तिक वद्य पंचमीला वडिलांना देवाज्ञा झाली, तेरवी अमुक दिवशी. खाली चार मुलं, मग जावई, प्रत्येकाच्या पुढं गाव. मग साळे, भाचे, नातू. अन् सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: मूर्तिजापूर-अचलपूर गाडीने येणाऱ्यांनी दर्यापूर स्टेशनवर उतरावे, तेथे दमण्या उभ्या राहतील.

ती गाडी आता बंद, दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, कोणाच्या दारात राहिली नाही. पण मी जावयांची गावं नकाशावर मांडून पाहिली तर जुन्या कार्डांमधली बहुतेक गावं बैलगाडीनं एका दिवसात जाऊन येता येईल अशी आहेत, नाहीतर मग त्या छोट्या रेल्वेच्या रस्त्यावरची. पुढं पुढं भिलाई येते, बल्लारशा येते, भुसावळ, कल्याण, भोसरी येते. कोणाचा पोरगा कुठं कामाला गेला हे कोणत्याच सरकारी कागदात एवढं नीट सापडत नाही.

तुमच्याकडे असं काही आहे का? असेल तर त्यात काय काय दिसते ते लिहा. आणि कोणी जाळायला काढलं असेल तर हात जोडून सांगतो, थांबा.

संत्रावाला
भाऊ लय मोठं काम हाये हे. आमच्या वरूडकडे तर मौतीची बातमी आधी माणूस घेऊन जाये, कार्ड मागाहून. दूरच्या सोयऱ्याले तार. तारवाला सायकलवरून दिसला की बायका वाचायच्या आधीच रडाले लागत, मंग कधी कधी निघे नोकरीचा कॉल. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली पण आमच्याकडच्या लोकाईनं एकही तार जपून ठेवली नसन.

तुमच्या कार्डावर सुनांची नावं हायेत का?

पूर्णाकाठ
नाहीत भाऊ. सुना नाहीत आणि लेकीही नाहीत. लेकीच्या जागी जावई. ऐंशीच्या पुढं कुठं कुठं "सौ." लावून मुलींची नावं दिसतात, सुना त्याच्याही नंतर.

माहेर मेहकर
सुना-लेकींचं निघालंच आहे तर लिहिते. आमच्याकडे बाई गेली की आधी माहेरी निरोप जातो, माहेरचं लुगडं आल्याशिवाय उचलत नाहीत. माझ्या आजीच्या वेळेला माहेरची माणसं यायला रात्र झाली तरी सगळे थांबले होते. म्हणजे प्रत्यक्षात माहेराला एवढा मान, आणि कार्ड पाहाल तर माहेराचं नावगाव काही नाही, "आमच्या मातोश्री गं. भा. अमुकबाई यांचे" आणि संपलं. लग्नात नाव बदललेलं, ते बदललेलंच नाव छापलेलं. तिचं पहिलं नाव शोधायला गेलं तर कागदावर ती बाई जन्मलेलीच नाही असं वाटतं.

पण एक सांगू का, ही नावं बायकांना तोंडपाठ असतात. माझी सासू अक्षय तृतीयेला घागर भरताना सासऱ्यांच्या तीन पिढ्या आणि स्वतःच्या माहेरच्या दोन पिढ्या म्हणते, आणि पित्तरपाटात, म्हणजे पितृपक्षात, कोणाचं पित्तर कोणत्या तिथीला हे तिला विचारायला भावकीतली चार घरं येतात. तिथी म्हणजे मरणाचीच तिथी की. वर्ष, महिना, पक्ष नाही मिळत पण तिथी मिळते, आणि ती कार्डाच्या तिथीशी लावून पाहिली तर माणूस नक्की होतो. मी सासूबाईंना बोलतं करून फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, नंतर वहीत उतरवलं. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी कार्डाच्या आधी हे करा, कार्ड पेटीत आणखी दहा वर्षं राहील.

खिळेजुळारी
माझ्या वडिलांची तालुक्याच्या गावी प्रेस होती, ट्रेडल मशीन, मी सातवी-आठवीत असल्यापासून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला बसायचो. त्यामुळं या विषयावर चार गोष्टी खात्रीनं सांगू शकतो आणि ज्यांना या पत्रिका अभ्यासाला वापरायच्या आहेत त्यांनी ह्या ध्यानात ठेवाव्या असं मला मनापासून वाटते.

पहिली म्हणजे मजकूर घरच्यांचा नसतो, प्रेसचा असतो. आमच्याकडे शोकपत्रिकेचा मजकूर जुळवून उभाच ठेवलेला असायचा, दोऱ्यानं बांधून. घरचा माणूस चिठ्ठी घेऊन यायचा, तिच्यात फक्त नावं, गावं आणि तेरवीची तारीख. "अल्पशा आजाराने", "वृद्धापकाळाने", "कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला" हे सगळं आमच्या केसमधलं, म्हणजे खिळ्यांच्या खणांतलं. तेव्हा "अल्पशा आजाराने" वाचून कोणी माणूस आजारीच होता असं धरू नका, काय झालं ते चिठ्ठीत नसलं की वडील तेच टाकायचे. नावं, गावं आणि खालच्या टिपा मात्र खऱ्या. म्हणून पूर्णाकाठ भाऊंनी दमण्यांची ओळ टिपली ते अगदी बरोबर केलं.

दुसरी, प्रेसचं नाव. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण टाकणं भाग होतं, सगळेच काही टाकत नव्हते पण खालच्या कडेला बारीक अक्षरात असते पुष्कळदा. कार्डावर तिथी वाचता येत नसली तरी प्रेस कधी सुरू झाली कधी बंद पडली हे गावातल्या जुन्या माणसाला माहीत असते, तेवढ्यावरून दहा-वीस वर्षांचा अंदाज लागतो. फोन नंबर असला तर त्याचे आकडे मोजा, जितके कमी तितकं जुनं. पाकिटासकट मिळालं तर पोस्टाचा शिक्का पाहा, त्याच्याइतकी पक्की तारीख दुसरी नाही.

फोटोचं म्हणाल तर त्याला जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे, नागपूर नाहीतर अमरावतीहून. दोन-तीन दिवस आणि वरून पैसे. तेरवीच्या आत कार्डं पोस्टानं पोचायची म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी छापून हातात पाहिजेत, मग ब्लॉक कोण करते? ज्याच्या घरी आधीचाच ब्लॉक पडलेला, म्हणजे जो निवडणुकीला उभा राहिलेला किंवा सोसायटीचा चेअरमन वगैरे, त्याचाच फोटो यायचा. ऑफसेट आल्यावर सगळ्यांचे फोटो यायला लागले.

आणि नावांचा क्रम. त्याच्यावरून प्रेसमध्ये भांडणं झालेली मी पाहिली आहेत. वेगळे निघालेले भाऊ, सावत्र भाऊ, दत्तक गेलेला. दत्तक गेलेल्याचं आडनाव बदललेलं पण कार्डावर नाव पाहिजेच असा हट्ट, आणि मोठ्याचा नकार. शेवटी "समस्त परिवार" वर तोडगा निघायचा. म्हणून ज्या कार्डावर मुलांची नावं न देता नुसतं समस्त परिवार आहे तिथं जरा थांबून विचार करा.

वडील प्रत्येक कामाची एक प्रत फाईलला लावायचे. आईचा त्याला विरोध नव्हता, प्रेस म्हणजे घर नव्हे म्हणून. मशीन भंगारात गेलं पण फाईली माझ्याकडे आहेत, लग्नपत्रिका, बिलबुकं, यात्रेची पत्रकं आणि ह्या.

पूर्णाकाठ
अहो ह्या फाईली म्हणजे अख्ख्या तालुक्याचा खजिना आहे. लग्नपत्रिका आणि शोकपत्रिका एकाच घराच्या शेजारी शेजारी ठेवल्या तर पूर्ण कुटुंब उभं राहील. उंदरापासून सांभाळा फक्त.

पंचशील वस्ती
वाचतोय सगळं आणि चांगलं वाटून राहिलं, पण एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहितो.

संत्रावाला भाऊंनी लिहिलं मौतीची बातमी माणूस घेऊन जायचा. तो माणूस कोण होता? तो आमच्या वस्तीतला होता. गावात पाटलाकडे, देशमुखाकडे, कुणब्याकडे मौत झाली की सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावी जायचं हे महाराचं काम होतं. ऊन असो, नदीला पूर असो, रात्र असो. माझ्या आजोबांचे वडील आठ-आठ कोस चालत जायचे असं आजोबा सांगायचे, त्या गावी पोचल्यावर घराच्या दूर उभं राहून ओरडून सांगायचं, मग कोणी दुरून भाकर टाकायचं, नाहीतर तसंच परत. म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या गावांत कोणाचे सोयरे कुठं आहेत, कोणती लेक कुठं दिली, कोणाशी बोलणं बंद आहे, हे सगळं ह्या माणसाच्या डोक्यात असायचं. तुम्ही नकाशावर मांडून काढलं ते त्यांना पायानं माहीत होतं. आणि त्यांच्या स्वतःच्या मौतीचा सांगावा कोणी नेला नाही, त्यांच्या नावाचं कोणतंच कार्ड कोणाच्या तारेत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, १६ ला चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. आमच्याकडची माणसं पायी, बैलगाडीनं, रेल्वेनं गेली होती. परत आल्यावर वस्तीनं ठरवलं की मेलेली ढोरं ओढायची नाहीत आणि सांगावा न्यायचा नाही. गावानं दळण बंद केलं, शेतावरचं काम बंद केलं, तरी मागं फिरले नाहीत. माझा असा विचार आहे की आपल्या भागात पोस्टकार्डावर मौत कळवायची पद्धत एवढी वाढली त्याला हेही एक कारण असलं पाहिजे, कारण नेणारा माणूस राहिला नाही. ह्याची जुळणी पूर्णाकाठ भाऊंच्या कार्डांशी करून पाहायला पाहिजे.

आमच्या घरात छापलेलं पहिलं नाव आजीचं आहे. सत्तरच्या दशकातलं कार्ड, वर बुद्धाचं छोटं चित्र, "कालकथित" आणि मग तिचं पूर्ण नाव, "जलदान विधी व पुण्यानुमोदन" अमुक दिवशी, आणि भन्ते येणार म्हणून वेळ दिलेली. त्याच्या आधी आमच्या घराण्यात कोणाचंच नाव कोणी छापलं नव्हतं. वडिलांनी ते फ्रेम करून लावलं, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली. आमच्याकडे ते घरात ठेवायला कोणाची मनाई नाही.

माहेर मेहकर
दादा, हे तुम्ही लिहिलं हे फार बरं झालं. माझ्या आजोबांच्या तोंडून "सांगावा आला" एवढंच ऐकलं होतं, कोणी आणला हे विचारायचं कधी सुचलंच नाही घरात कोणाला.

पूर्णाकाठ
पंचशील भाऊ, तुमचं पूर्ण बरोबर आहे. माझ्याकडच्या तारेत वस्तीतलं एकही कार्ड नाही, मोठेबाबा त्याच शाळेत वस्तीतल्या पोरांना शिकवायचे तरी नाही. कारण कार्ड छापलंच गेलं नाही किंवा आलंच नाही. तार म्हणजे सगळं गाव नाही हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं. सन लावून तुमच्याशी जुळणी करतो.

निवृत्त तलाठी
ज्यांचं कार्ड नाही त्यांच्यासाठी कोतवाल बुक आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण ह्या विषयावर लोक उगाच इकडे तिकडे हेलपाटे मारतात.

जुन्या काळी गावातल्या जन्म-मरणाची नोंद कोतवालाच्या बुकात व्हायची, ठाण्यात हजेरीला जाताना तो बुक घेऊन जायचा आणि तिथं नोंद चढायची. कोतवालाला लिहिता येत नसलं तर पाटील नाहीतर मास्तर लिहून द्यायचे. महसुलात तेव्हा हाच गाव नमुना १४. रकाने म्हणजे तारीख, मेलेल्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मरणाचं कारण. जात आहे म्हणूनच तर जात पडताळणीसाठी ह्याची नक्कल काढायला रांगा लागतात, आणि कुणबी नोंदींच्या शोधात गेल्या काही वर्षांत ही बुकं परत बाहेर निघाली. लोक आपल्या आज्याची एक ओळ मिळाली की निघून जातात. पण एकदा ते पान पूर्ण वाचून पाहा. कारणाच्या रकान्यात ओळीनं ताप, ताप, ताप, मधेच पटकी, मधेच देवी, साप चावून. बायकांच्या बाबतीत माहेर मेहकर ताईंनी म्हटलं तेच, "अमक्याची बायको" एवढंच पुष्कळ ठिकाणी. लहान लेकरं तर विचारू नका.

१९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं कोणाला पाहायला मिळाली तर पाहा. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ. देशात तिनं सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांपैकी मध्यप्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आपला भाग. अख्ख्या हिंदुस्थानची लोकसंख्या १९२१ च्या शिरगणतीत १९११ पेक्षा कमी भरली ती त्याच्यामुळं. तेव्हा खेड्यात कोण कार्ड छापते आणि कोण सांगावा नेते, घरं च्या घरं पडून होती. त्यांच्याबद्दल कागद एकच, हे बुक.

पुढं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आला, तो १९७० पासून लागू झाला, २१ दिवसांच्या आत नोंद करायची आणि ग्रामपंचायतीत ग्रामसेवक निबंधक. जुनी बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला जमा. अर्ज करताना गावाचं नाव त्या काळच्या तालुक्यासकट लिहा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशात होतो, जिल्हे-तालुके नंतर किती वेळा फुटले, आजच्या तालुक्याच्या नावानं शोधलं तर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर येते आणि लोक तेवढ्यावर परत जातात.

संत्रावाला
काका आमच्याकडे एका रेकॉर्ड रूमात तर बस्ते उघडले की भुगाच पडते, कोणत्या तालुक्याची ते नाही सांगत. आधी स्कॅन कराव हो कोणी.

आन मोवाडचं कोणी लिवलं नाही. १९९१ च्या जुलैत वर्धा नदीचा पूर गावात घुसला, दोनशेच्या वर माणसं गेली एका सकाळी. आमचे सोयरे होते तिथं. तवा कोणाच्या घरून कार्ड येईन, छापणारं घरच राहिलं नाही. पेपरातल्या याद्या हेच कार्ड. आमच्या वडिलानं ते पेपर ठेवले होते, अजून हायेत, घड्यावर फाटले पण हायेत.

वैनगंगेची
नमस्कार, मी पवनीकडची. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं. नवीन गावठाणात प्लॉट मिळाले, नाव जुनंच पण पुढं "पुनर्वसन" लागलं. मी मुद्दाम सगळ्या शोकपत्रिका जमा करून राहिली कारण जुन्या गावच्या टोल्यांची नावं, म्हणजे कोण कोणत्या मोहल्ल्यातला, ती आता फक्त ह्याच कागदावर दिसतात. जुनी कार्डं म्हणतात अंत्ययात्रा राहत्या घरून निघून नदीघाटावर. नवीन कार्डं म्हणतात पुनर्वसन येथील स्मशानभूमी. आणि मधल्या काही वर्षांची कार्डं आहेत ना, त्यात एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या गावठाणात लिहिलेले आहेत, एकाला इकडे प्लॉट, एकाला तिकडे. गाव कसं विखुरलं हे त्या मधल्या वर्षांच्या कार्डांत दिसते. प्रकल्पाच्या फाईलीत घरं किती, शेती किती, मोबदला किती ते आहे. कोण कोणाच्या शेजारी राहत होतं ते नाही.

ढिवर समाजाच्या घरचं एक कार्ड माझ्याजवळ आहे, त्यात शोकाकुल म्हणून खाली मच्छीमार सोसायटीच्या सभासदांची नावं दिलीत, घरच्यांच्या बरोबरीनं. मला ते फार मोलाचं वाटते.

अस्थी म्हणाल तर आमच्याकडचे पुष्कळ लोक रामटेकला अंबाळा तलावावर नेतात. तिथं अस्थी आणणाऱ्यांच्या नोंदीच्या जुन्या वह्या कोणी पाहिल्या असतील तर सांगा.

निळा डोंगर
मी यवतमाळचा. एक अवघड गोष्ट लिहितो, चुकीचं घेऊ नका.

आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ ला कुटुंबासकट जीव दिला ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यानंतर किती घरं गेली. माझ्या चुलत्याच्या कार्डावर "आकस्मिक निधन" एवढंच आहे. तहसीलच्या फाईलमध्ये तोच माणूस सरकारी मदतीला पात्र की अपात्र यावर किती पानं आहेत, कर्ज किती, सातबारा कोणाच्या नावानं, पंचनामा. म्हणजे सरकारी कागदात तो माणूस नुसता कर्ज आणि विषाचा डबा आहे, आणि कार्डावर तो बाप आहे, भाऊ आहे, भजनी मंडळाचा सभासद आहे, अमक्या गावचा भाचा आहे. मला दोन्ही कागद जवळजवळ ठेवायचे आहेत. पण घरच्यांना विचारल्याशिवाय ते नेटवर टाकणं मला पटत नाही. माझी काकू आहे, तिची पोरगी लग्नाची आहे. म्हणून कोणी तावातावानं ग्रुप काढून सगळी कार्डं अपलोड करायला निघाला असेल तर आधी हे पाहा.

नवखा एमए
सर मी अमरावतीला शिकतो, इतिहास. निळा डोंगर दादांचं पटलं तरी विचारतो, मग अभ्यासाला कसं वापरायचं? सगळं पेटीतच ठेवलं तर शेवटी वाळवीच खाणार ना.

निळा डोंगर
वापरा की भाऊ. फोटो काढा, वहीत उतरवा, सन-गाव लावून ठेवा. जिवंत माणसांची नावं-पत्ते बाहेर टाकू नका आणि अलीकडची कार्डं घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय दाखवू नका. साठ-सत्तर सालच्या कार्डाला कोणी नाही म्हणत नाही, उलट लोक खूश होतात आपल्या आज्याचं नाव पाहून.

खिळेजुळारी
ह्याच्याशी सहमत. माझ्या फाईलीतली अलीकडची मीही बाजूलाच ठेवली आहेत.

तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्डांबद्दल लिहायचं राहिलं. महाराजांच्या ग्रामगीतेत अंत्यसंस्कारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि आमच्या तालुक्यात त्याचा परिणाम कार्डांवर सरळ दिसते. मंडळाच्या माणसाच्या घरचं कार्ड आलं की मजकूर बदलायला लागायचा, आमचा उभा मजकूर चालत नसे. तेरवीच्या जेवणाच्या जागी सामुदायिक प्रार्थना आणि श्रद्धांजली, आणि खाली "भांडी, कपडे आणू नयेत". काही ठिकाणी तेरवीचा खर्च शाळेला नाहीतर वाचनालयाला दिल्याचं छापलेलं. तुकडोजी महाराज गेले १९६८ च्या ऑक्टोबरात, त्याच्यानंतरच्या वर्षांत अशी कार्डं माझ्या फाईलीत जास्त सापडतात. कर्ज काढून तेरवी घालणारी घरं मी पाहिली आहेत, त्याच गावात त्याच वर्षी ही अशी कार्डंही छापून गेली. गावात काय वाद चालला होता ते ह्या दोन कार्डांत कळते.

माहेर मेहकर
आणि आताचं काय? आता कार्डच छापत नाहीत कोणी, व्हॉट्सअपवर फोटो आणि फुलं आणि "भावपूर्ण श्रद्धांजली", नाव-गाव-वेळ, बस. नातेवाईकांची यादी गेली. फोन बदलला की तेही गेलं. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर श्रद्धांजली देणाऱ्यांचेच फोटो मोठे, आणि पुढच्या महिन्यात तोच फ्लेक्स सोयाबीनच्या गंजीवर झाकलेला. आमच्या शेजारच्या शेतात एका आजोबांचा फोटो असा दोन पावसाळे होता, त्यांच्या नातीनं पाहिला तेव्हा तिला फार लागलं, तिनं स्वतः जाऊन ताडपत्री दिली आणि तो काढून नेला.

कोरोनाच्या वेळचे मेसेज मात्र मी जपून ठेवले आहेत. अंत्यविधीला वीसच माणसं, म्हणून मेसेजमध्ये लिहिलेलं "कोणीही भेटायला येऊ नये, घरूनच श्रद्धांजली वाहावी, तेरवी होणार नाही". २०२१ च्या एप्रिल-मे मधले एका पाठोपाठ एक. मी त्यांचे प्रिंट काढून घेतले झेरॉक्सवाल्याकडून.

पूर्णाकाठ
ताई, प्रिंट काढले ते फार चांगलं केलं. मला तर वाटते ज्यांच्याकडे ह्या मेसेजचे स्क्रीनशॉट आहेत त्यांनी मागं तारीख आणि गाव लिहून ते काढून ठेवावेत, कारण त्या दोन महिन्यांत कोणत्या गावात किती माणसं गेली ह्याचा हिशोब उद्या कोणी मागितला तर हेच कामी येईल.

एवढ्या जणांनी लिहिलं तर आता कामाचं ठरवू. कार्डाला सेलोटेप लावू नका, चिकट पिवळा डाग पडतो आणि अक्षर जाते. लॅमिनेशनही नको. मागं शाईनं लिहू नका, पेन्सिलनं लिहा: कोणाकडून मिळालं, कोणत्या गावचं. दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागच्या बाजूला पुष्कळदा जास्त माल असतो, माझ्याकडे एका कार्डामागं बियाण्याचा हिशोब आहे आणि एकामागं जाऊन आल्यावर कोण कोण भेटलं त्याची यादी. घरात ठेवायला म्हातारी माणसं नाही म्हणत असतील तर वाद घालू नका, गोठ्यात, शाळेत, वाचनालयात ठेवा, मोठेबाबांनी तेच केलं होतं.

नवखा एमए
सर मी येऊ शकतो का तुमच्याकडे? स्कॅनर माझ्या मित्राचा आहे. खिळेजुळारी काकांच्या फाईली पण पाहायच्या आहेत, आणि पंचशील दादा, तुमच्या आजीच्या कार्डाचा फोटो तुमची परवानगी असेल तरच घेईन.

पंचशील वस्ती
ये ना भाऊ, आधी आमच्याकडे जेवायला ये. माझे मोठे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत, सांगावा नेणाऱ्यांची नावं त्यांना अजून येतात, कोण कोणत्या गावाकडे जायचा तेही. ते लिहून घे पहिले, कार्डाचं नंतर पाहू.

निवृत्त तलाठी
मुलाला माझा निरोप द्या, रेकॉर्ड रूमला जाणार असेल तर अर्जाचा नमुना मी करून देतो.

पूर्णाकाठ
एमए, सोयाबीन निघून गेलं की ये, तोपर्यंत इथं कोणालाच वेळ नाही. पहिले पंचशील भाऊंकडे जा, मग माझ्याकडे. मोठ्या वडिलांनी सांगितलेली नावं घेऊन आलास की माझ्याकडच्या छप्पन-सत्तावन्नच्या आसपासच्या चार-दोन पोस्टकार्डांशी आपण लावून पाहू. आणि वैनगंगेची ताई, रामटेकच्या वह्यांबद्दल माझा एक विद्यार्थी तिकडे मास्तर आहे, त्याला आजच फोन लावतो.